डिस्कोला स्टेज नव्हतं

‘डिस्को’ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चमचमत्या कपड्यांतला मिथुन चक्रवर्ती उभा राहतो. हातात गिटार, मागे रंगीत दिव्यांची उघडझाप आणि समोर हात उंचावून ओरडणारी तुडुंब गर्दी. चित्र छान आहे, मलाही आवडतं. पण मी ज्या डिस्कोत नाचलो, त्यात यातलं फारसं काही नव्हतं. दिवे असायचे, तेवढे खरे. गिटारवाला नसायचा, गायक नसायचा आणि मुख्य म्हणजे स्टेजच नसायचं.

१९७६ ते १९८३ अशी सात वर्षं मी न्यूयॉर्कमध्ये नोकरी केली. आठवडाभर इलेक्ट्रॉनिक्सचं काम आणि शनिवारी रात्री नाच. घरी पुण्याला पाठवलेल्या पत्रांत नोकरीबद्दल सविस्तर असायचं, हवामानाबद्दल असायचं, शनिवारबद्दल मात्र एक अक्षर नसायचं. आता पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर त्या राहून गेलेल्या मजकुराबद्दल थोडं बोलायला हरकत नसावी.

आधी शब्दाचं पाहू. ‘डिस्कोथेक’ हा शब्द फ्रेंच. पुस्तकांच्या संग्रहाला फ्रेंचमध्ये ‘बिब्लिओथेक’ म्हणतात, त्याच चालीवर तबकड्यांचा संग्रह तो डिस्कोथेक. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिसमध्ये वाद्यवृंदाऐवजी तबकड्या लावून नाचायच्या जागा निघाल्या आणि तो शब्द त्या जागांनाच चिकटला. आता गंमत बघा. वाद्यवृंद गेला की समोर बघण्यासारखं काही उरत नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असला की माणसं ओळीनं खुर्च्यांवर बसतात, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. आवडलं तर टाळ्या, फार आवडलं तर वन्स मोअर. डिस्कोत टाळ्या कोणासाठी वाजवणार? तिथे माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी असतात. कार्यक्रम म्हणजे तीच.

मला तिथे नेलं माझ्या एका सहकाऱ्यानं. त्याचे आईवडील पोर्तो रिकोहून आलेले आणि तो स्वतः ब्राँक्समध्ये वाढलेला. त्या वस्तीतल्या पोरांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘हसल’ नावाचा जोडीनं करायचा नाच काढला होता. १९७५ मध्ये व्हॅन मकॉय या संगीतकाराची त्याच नावाची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, तेव्हा तो देशभर झाला. माझं नाचाचं शिक्षण म्हणजे शाळेतली लेझीम. सहकाऱ्याच्या चुलतभावानं मला स्वयंपाकघरात, टेबल भिंतीला सरकवून, हसल शिकवला. न्यूयॉर्कच्या हसलची एक खुबी आहे. गाणं चार मात्रांचं चालतं, पण पावलं तिनात मोजायची. म्हणजे पावलं आणि ताल सुरुवातीला एकत्र निघतात, लगेच फारकत घेतात आणि बारा मात्रा झाल्या की पुन्हा गाठ पडते. मला हे समजायला वेळ लागला नाही. तबल्याची तिहाई ऐकत वाढलेल्या माणसाला असली फारकत आणि असली भेट नवीन नसते. तो चुलतभाऊ मात्र चकित झाला. “तू आधी कुठे शिकलास?” असं त्यानं विचारलं. मी लेझीम कशी असते ते करून दाखवलं, हातात दोन चमचे घेऊन.

आता त्या तालाबद्दल. फिलाडेल्फियात अर्ल यंग नावाचा ड्रमवादक होता. १९७३ मध्ये ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यात त्यानं जे वाजवलं, तो डिस्कोच्या तालाचा पाया मानला जातो. पायानं वाजवायचा मोठा ड्रम चारही मात्रांवर, सारख्याच वजनानं. आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडमीट करता येणाऱ्या दोन झांजा, किंचित उघडून वाजवलेल्या. धप्प-छिस्, धप्प-छिस्. वेग साधारण मिनिटाला १२० ठोके, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाची पावलं. तीनतालात आपण समेची वाट बघतो, खाली आली की जरा सैल होतो. इथे खाली नाहीच. संगीताच्या जाणकारांनी याला कंटाळवाणं म्हटलं आणि बसून ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं ते अगदी चूक नव्हतं. पण हा ताल बसणाऱ्यासाठी बांधलेलाच नव्हता. प्रत्येक ठोका सारखा असल्यामुळे कोणीही, कुठूनही, केव्हाही आत शिरू शकतो. नवख्याचा पाय चुकत नाही. आणि पाय बिनघोर झाले की कंबर, खांदे, हात आपापलं काही करायला मोकळे होतात.

अडचण होती ती तबकडीची. तेव्हाची गाणी सात इंची छोट्या तबकडीवर यायची, रेडिओच्या सोयीनं तीन-साडेतीन मिनिटांची. नाचणारा जरा रंगात येतो तोवर गाणं संपायचं. ते लांब का करता येत नव्हतं, हे मला माझ्या धंद्यामुळे नीट कळायचं. तबकडीवरची खाच नागमोडी असते. खर्जाचा आवाज जितका दणकट, तितकं ते वळण रुंद. खाचा रुंद केल्या की कमी मावतात, म्हणजे वेळ कमी. वेळ वाढवायचा तर खाचा दाटीनं बसवाव्या लागतात, म्हणजे आवाज मरतो. नाचायला तर दोन्ही हवं, लांबी आणि दणकाही.

यातून वाट निघाली ती योगायोगानं. टॉम मोल्टन हा एकेकाळी मॉडेलिंग करणारा गृहस्थ न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर नाच बघत होता. गाणं ऐन भरात संपतं आणि लोक फ्लोअर सोडून जातात, हे त्याच्या लक्षात आलं. मग घरी बसून त्यानं एकातून दुसऱ्या गाण्यात अलगद शिरणारी टेप जोडून काढली. पुढे तो गाणी लांबवून देण्याचं कामच करू लागला. एकदा नमुना कापायला गेला, तर सात इंची कोऱ्या चकत्या संपलेल्या. मोठी चकती घेतली, पण तिच्यावर खाचांची एवढीशी पट्टी दिसेना का विचित्र! मोल्टन म्हणाला, पसरवा की जरा. खाचा पसरल्या, आवाज चढवता आला आणि जे ऐकू आलं त्यानं सगळेच उडाले. बारा इंची सिंगलचा जन्म हा असा. दुकानात विकायला आलेली त्यातली पहिली तबकडी १९७६ ची, ‘टेन पर्सेंट’. वॉल्टर गिबन्स या डिस्क जॉकीनं मूळचं छोटं गाणं पावणेदहा मिनिटांपर्यंत ताणलं होतं. ताणलं म्हणजे पाणी घातलं नव्हे. गाणारे बाजूला व्हायचे आणि नुसता ताल उरायचा. मग एकेक वाद्य परत यायचं. नाचणारे त्या मोकळ्या जागेची वाट बघायचे.

तबकड्या लावणारा माणूस इथे फार महत्त्वाचा. रेडिओवरचा निवेदक बोलतो, हा बोलत नसे. त्याच्यापुढे दोन टर्नटेबलं. एकावर गाणं वाजतंय, दुसरं तो कानाला लावून जुळवतोय आणि दोन्हींचे ठोके एकमेकांवर बसले की हळूच बदली. फ्रान्सिस ग्रासो या तरुणानं हे तंत्र साठच्या दशकाच्या शेवटी ‘सँक्च्युअरी’ या क्लबात घडवलं. ती जागा म्हणजे जुनं चर्च. पण हात साफ असणं हे अर्धंच काम. खरं कौशल्य नजरेचं. कुठला कोपरा थंड पडलाय, कोण दमलंय, आता चढवायचं की उतरवायचं. हे त्याला फ्लोअरकडे बघूनच कळायचं. गाण्यांचा क्रम आधी लिहून आणणारा जॉकी म्हणजे पंगतीकडे न बघता वाढणारा वाढपी.

आता हे सगळं कोणी केलं, ते सांगायला हवं. आपल्याकडे डिस्को म्हणजे श्रीमंतांचा चोचला अशी समजूत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२६ पासून एक कॅबरे कायदा होता, परवान्याशिवाय सार्वजनिक जागी नाचू द्यायला बंदी करणारा. तो रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं. साठच्या दशकात दोन पुरुष एकत्र नाचताना दिसले तर पोलीस धरून नेत. जून १९६९ मध्ये स्टोनवॉल नावाच्या बारवर धाड पडली आणि समलिंगी गिऱ्हाइकांनी पोलिसांना जोरदार प्रतिकार केला. त्यानंतर काही महिन्यांनी, १४ फेब्रुवारी १९७० ला, डेव्हिड मँकुसो यानं ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या माळ्यावर मित्रांसाठी नाचाची पार्टी केली. खासगी घर, आमंत्रितांनाच प्रवेश, दारू नाही. खायला फळं, छताला फुगे आणि शहरात सापडणार नाहीत असे उत्तम स्पीकर. लोक त्या जागेला ‘लॉफ्ट’ म्हणू लागले. काळे, गोरे, स्पॅनिश बोलणारे, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, ज्यांना बाहेर एकत्र उभं राहणं कठीण होतं अशी माणसं तिथे पहाटेपर्यंत नाचत. मँकुसोनं ब्रुकलिनमधल्या एका दुकानात कॅमेरूनच्या मनू दिबांगोची ‘सोल मकोसा’ ही तबकडी शोधून काढली. ती त्याच्या माळ्यावरून शहरभर गेली आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या यादीत चढली. रेडिओनं गाणं लोकप्रिय करायचं आणि लोकांनी नाचायचं, हा क्रम तिथे उलटा झाला.

मी स्वतः गेलो ते ‘पॅराडाइज गराज’मध्ये. १९७९ मधला एक शुक्रवार. सहकाऱ्याचा चुलतभाऊ तिथला सभासद होता, त्याचा पाहुणा म्हणून. किंग स्ट्रीटवरचं खरोखरीचं मोटारींचं गराज होतं ते. दोन्ही बाजूंना दिवे लावलेल्या उतारावरून वर चढत जायचं आणि तो चढ चढतानाच खर्ज पायांतून वर यायला लागायचा. तिथे लॅरी लेव्हन तबकड्या लावायचा. ध्वनियंत्रणा रिचर्ड लाँग यानं बांधलेली. इंजिनियर म्हणून सांगतो, तेवढ्या आवाजात शेजारच्याशी बोललेलं ऐकू येतं अशी यंत्रणा मी त्यानंतर क्वचितच पाहिली. आवाज मोठा होता, पण फाटका नव्हता. इथेही दारू नाही. माझ्याकडे कोणी वळून बघितलं नाही. न्यूयॉर्कमध्ये मला तीन वर्षं झाली होती, आणि लोक वळून बघतात याची मला किती सवय झाली होती, ते त्या रात्री कळलं. सकाळी बाहेर पडलो तेव्हा ऊन आलं होतं आणि बसथांब्यावर माणसं कामाला निघाली होती.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे ‘स्टुडिओ ५४’. २६ एप्रिल १९७७ ला उघडलेला हा क्लब जगभर गाजला तो दारावरच्या मखमली दोरीमुळे. कोणाला आत घ्यायचं ते मालक चेहरा आणि कपडे बघून ठरवायचे, आणि आत नटनट्या. मी कधी त्या दोरीपाशी उभा राहिलो नाही. पण नाइल रॉजर्स आणि बर्नर्ड एडवर्ड्स उभे राहिले होते. ‘शीक’ या बँडचे हे दोन प्रमुख. १९७७ च्या ३१ डिसेंबरला गायिका ग्रेस जोन्सनं त्यांना बोलावलं होतं, पण दारावर त्यांची नावंच नव्हती. ज्यांच्या गाण्यांवर आत लोक नाचत होते, ते बाहेर थंडीत. दोघं घरी गेले आणि रागाच्या भरात एक शिवीवजा ओळ घेऊन वाजवत बसले. मग शिवी काढून टाकली, गाणं ठेवलं. तेच १९७८ चं ‘ल फ्रीक’, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. वचपा काढावा तर असा.

त्याच डिसेंबरात ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ आला होता. जॉन ट्रॅव्होल्टा, पांढरा सूट, बी जीजची गाणी. गाणी अव्वल होती यात वाद नाही. त्यांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत सलग २४ आठवडे पहिली होती. पण चित्रपटात ट्रॅव्होल्टा एकटा नाचतो आणि बाकीचे गोल करून बघत राहतात. स्टेज परत आलं ते असं. त्यानंतर जो तो डिस्को काढू लागला. रेडिओ स्टेशनं रातोरात डिस्को झाली, आणि त्यात पुष्कळ टाकाऊ माल होता, हेही मान्य करायला हवं.

मग १२ जुलै १९७९. शिकागोत कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर दोन सामने होते. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाची नोकरी त्याचं स्टेशन डिस्को झाल्यामुळे गेली होती. त्यानं मोहीम काढली. डिस्कोची एक तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये आत या, मधल्या वेळात आपण तो ढीग उडवून देऊ. पन्नास हजारांच्या आसपास माणसं आली. स्फोट झाला, हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. हा नुसता दंगा होता असं डाल पुढेही म्हणत राहिला. पण त्या दिवशी प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणारा व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय शाळकरी पोरगा तिथे होता. लोक ज्या तबकड्या घेऊन येत होते त्यांतल्या कित्येक डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या, असं त्यानं नंतर सांगितलं. आम्ही न्यूयॉर्कमध्ये हे टीव्हीवर बघितलं. सहकारी काही बोलला नाही. त्याच्या चुलतभावानं उठून टीव्ही बंद केला.

त्यानंतर कंपन्यांनी डिस्को हा शब्दच टाकला. नाच मात्र थांबला नाही. त्याच शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या लावत होता, हा लॅरी लेव्हनचा न्यूयॉर्कमधला जुना दोस्त. नव्या डिस्को तबकड्या येईनाशा झाल्या तसा तो जुन्याच कापून, लांबवून, खाली यंत्राचा ठोका घालून वाजवू लागला. वेअरहाउसमधलं ते ‘हाउस’, असं लोक म्हणू लागले. त्या प्रकारातली पहिली म्हणून जी तबकडी बहुतेक जण सांगतात, ती १९८४ ची ‘ऑन अँड ऑन’. जेसी साँडर्सबरोबर ती करणारा दुसरा माणूस कोण? तोच व्हिन्स लॉरेन्स. मैदानावर काम करत होता तो सिंथेसायझर घ्यायला पैसे साठवण्यासाठी.

आपल्याकडे डिस्को आला तो अमेरिकेतून सरळ नव्हे, लंडनमार्गे. बंगळुरूहून इंग्लंडला गेलेल्या बिद्दू या संगीतकारानं १९७४ मध्ये कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं, ते दोन्ही देशांत पहिलं आलं. फिरोज खाननं १९८० च्या ‘कुर्बानी’तलं एक गाणं त्याच्याकडे दिलं, आणि गायला पंधरा वर्षांची नाझिया हसन. बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. त्या हिवाळ्यात मी रजेवर पुण्यात होतो. लक्ष्मी रोडवर कॅसेटच्या दुकानातून ‘आप जैसा कोई’ ऐकू आलं आणि मी रस्त्यात थबकलो. तो खर्ज, ती मोकळी जागा! आईनं विचारलं, “तिकडे हेच वाजतं का रे?” म्हटलं, “हो, असंच.” तिनं जरा ऐकलं आणि म्हणाली, “बरं आहे की.” पत्रांतून चार वर्षं जे लिहिता आलं नाही, ते असं दोन वाक्यांत उरकलं.

१९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला. बप्पी लाहिरींच्या गाण्यांनी सोव्हिएत युनियनपर्यंत मजल मारली, त्याचं मला कौतुक आहे. पण त्याची कथाच मुळी स्टेजसाठी झगडणाऱ्या मुलाची. माझ्या मते खऱ्या डिस्कोच्या जवळ गेला तो दांडिया. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे भाऊ बाबला यांनी ऐंशीच्या दशकात ‘डिस्को दांडिया’च्या तबकड्या काढल्या आणि मुंबईतल्या नवरात्रात ते नावच पडलं. चोखंदळांनी नाकं मुरडली. पण रिंगण धरून, एकमेकांसमोर येऊन, अनोळखी माणसाच्या टिपरीवर टिपरी मारत पुढे सरकणं, याहून वेगळं आम्ही तरी काय करत होतो?

मी १९८३ मध्ये परत आलो तोवर न्यूयॉर्कच्या त्या फ्लोअरवरची माणसं आजारी पडू लागली होती. रोगाला एड्स हे नाव मिळून वर्षच झालं होतं, औषध काहीच नव्हतं. मला स्वयंपाकघरात हसल शिकवणारा चुलतभाऊ १९८५ मध्ये गेला. सहकाऱ्याचं पत्र आलं, त्यात त्याच्या अंत्यविधीला कोणकोण आलं नाही याची यादी होती. पॅराडाइज गराज १९८७ मध्ये बंद झालं, आणि त्याचा मालक मायकल ब्रोडी त्याच वर्षी एड्सनं गेला. वॉल्टर गिबन्स १९९४ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोचा गायक सिल्वेस्टर, ज्याच्या उंच आवाजावर आम्ही १९७८ चा सबंध हिवाळा काढला, तो १९८८ च्या डिसेंबरात. सिल्वेस्टरनं मृत्युपत्रात आपल्या गाण्यांचं पुढचं मानधन त्याच शहरातल्या, एड्सच्या रोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे केलं. आधी त्याचं कर्ज फिटलं, मग पैसे संस्थांकडे जाऊ लागले. त्यांतली एक संस्था आजारी माणसांच्या घरी जेवणाचे डबे पोचवायची.